सात नंबरची बाटली

सात नंबरची बाटली मी खाल्ली. म्हणजे बाटलीत जे होतं ते. दूध तापवून, मोठ्या वाडग्यात, रजई पांघरून. ती खायची नव्हती, तपासायला पाठवायची होती, हे मला चांगलं माहीत होतं. ज्यांची ती बाटली होती ते गृहस्थ एका आकड्यासाठी अख्ख्या कचेरीला वर्षभराचे तक्ते पुन्हा करायला लावणारे होते, हेही माहीत होतं. तरी खाल्ली. भूक लागली होती.

ते गृहस्थ म्हणजे गणवीर साहेब.

लखनौला अलीगंजमध्ये आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच. एक त्यांचं आणि एक माझं. माझ्या खोलीला घर म्हणण्याइतकं तुमचं मन मोठं असेल तर. मी रेल्वेत नवा लागलेला इंजिनियर, साताऱ्याचा, सव्विशीचा, एकटा, मिशी नुकतीच मनासारखी वाढलेली. गणवीर साहेब भंडाऱ्याकडचे, केंद्र सरकारच्या एका कचेरीत संख्याशास्त्राचे अधिकारी, पन्नाशी ओलांडलेले. जनता सरकार येऊन गेलं होतं, गल्लीत दोन स्कूटर होत्या आणि त्यातली एक माझी होती. गणवीर साहेबांशी माझी मैत्री जमण्यात त्या स्कूटरचा वाटा किती आणि माझ्या स्वभावाचा किती, हे त्यांनीच मोजून सांगितलं असतं. मी कधी विचारलं नाही.

पहिल्या भेटीत मी बोलायचं म्हणून बोललो, की तुमच्या दशहरी आंब्यात काही दम नाही, नुसता गोड.

"किती खाल्ले?" साहेबांनी विचारलं.

"दोन."

"दोन आंब्यांवरून मलिहाबादचा अख्खा तालुका बाद?"

मला वाटलं, विनोद आहे. मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी दारामागची पिशवी काढली आणि मला आंबे आणायला बाजारात पिटाळलं. चार वेगवेगळ्या ठेल्यांवरून, प्रत्येकी चार. "एकाच ठेल्यावरून सोळा आणले तर तो एकच आंबा सोळा वेळा आणल्यासारखं होतं, पाठक." सोळावा आंबा संपेपर्यंत माझं मत पूर्ण बदललं होतं आणि पोटही.

"नमुना किती?" हा त्यांचा मंत्र. कोणी म्हणालं, यंदा थंडी जास्त आहे, की साहेब विचारणार, नमुना किती? किती थंड्यांशी तुलना केली? कोणी म्हणालं, नवा साहेब कडक आहे, नमुना किती? त्यांच्या घरी सहज म्हणून काही बोलायची सोय नव्हती. हवापाण्याच्या गप्पासुद्धा पुराव्यानिशी माराव्या लागत.

त्यांचा सगळा संसार एका तत्त्वावर चालायचा. त्याला ते नल हायपॉथेसिस म्हणत. माझ्यासारख्याला समजेल असं सांगायचं तर, दोन वस्तूंत फरक आहे असं कोणी म्हटलं की आधी फरक नाही असं धरून चालायचं. मग दोन्हींचे पुरेसे नमुने घेऊन मोजायचं. आणि जो फरक दिसला तो निव्वळ योगायोगानं पडण्यासारखा नाही अशी खात्री झाली, तरच तोंड उघडायचं. कोर्टात असतं तसं. गुन्हा शाबीत होईपर्यंत आरोपी निर्दोष.

"म्हणजे पुरावा नाही मिळाला तर दोन्ही वस्तू सारख्या," मी हुशारीनं म्हणालो.

साहेबांनी चष्मा काढला. ते चष्मा काढत तेव्हा समजावं की आता पाऊण तास गेला. "पुरावा मिळाला नाही म्हणजे फक्त पुरावा मिळाला नाही. आरोपी सुटला म्हणजे तो साधू झाला का? कदाचित चोरच असेल, पोलीस कमी पडले असतील. 'सारखे' हा शब्द या घरात काढायचा नाही. ती संख्याशास्त्रातली सगळ्यात अडाणी चूक आहे."

ही चूक मी पुढं त्यांच्यासमोर आणखी दोनदा केली. दोन्ही वेळा चहा न घेता परतलो.

त्यांच्या दूधवाल्याचं प्रकरण गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. वहिनी एकदा म्हणाल्या, मंगळवारचं दूध पातळ असतं. झालं. साहेबांनी अकरा मंगळवार आणि अकरा गुरुवार दूध मोजलं. काचेच्या नळीत, दाट-पातळ दाखवणारं यंत्र बुडवून, पहाटे, कानटोपी घालून. बाविसाव्या दिवशी दूधवाले भैया हात जोडून म्हणाले, "साहब, आप दूध पीते हैं कि इम्तिहान लेते हैं?" निकाल लागला तो असा, की मंगळवारचं दूध पातळ आहे असं म्हणायला पुरावा अपुरा. वहिनींनी तो ऐकला आणि मंगळवारचं दूध दुसऱ्याकडून घ्यायला लागल्या.

वहिनी नागपूरच्या. बोलण्यात नागपूर, हातात नागपूर, आणि नवऱ्याविषयीच्या मतात तर भर उन्हाळ्यातलं नागपूर. त्यांनीच मला सांगितलं, साहेब त्यांना पाहायला तीनदा आले होते.

"पहिल्यांदा पोहे चांगले झाले म्हणाले. मग म्हणे, एकदा चांगले होणं योगायोगही असू शकतो. पुन्हा आले. पुन्हा पोहे. तिसऱ्यांदा आले तेव्हा आमचे बाबा म्हणाले, याला पोरगी पाहिजे का नाश्ता?"

"मग?"

"मग काय जी. तिसऱ्यांदा मी मुद्दाम मीठ जास्त घातलं. तरी हो म्हणाले. तेव्हाच समजायला पाहिजे होतं, मोजतात खूप, पण चव नाही कळत."

कचेरीतही हेच. वरिष्ठांनी दिल्लीला अहवाल पाठवायचा होता, की आपण आल्यापासून काम वाढलं. गणवीर साहेबांनी फायलीवर लिहिलं, "दिसणारी वाढ योगायोगाच्या मर्यादेत बसते." सही, तारीख. त्यांची बढती दोनदा हुकली ती अशाच वाक्यांनी. मी एकदा म्हणालो, साहेब, एक आकडा इकडचा तिकडं केला असता तर आज गाडी असती दाराशी. ते म्हणाले, "माझ्या हातून आकडा आहे तसा जातो, पाठक. नोकरी लागली तेव्हापासून." त्यात अभिमान नव्हता. मी पुलाच्या तुळईविषयी जसं बोललो असतो तसं ते स्वतःविषयी बोलले. मला आपलं वाटलं, माणूस हुशार आहे, पण जगायला नालायक आहे. असलं मत बनवायला मला नमुना वगैरे लागत नसे.

मग त्या वर्षी वहिनींना मधुमेह निघाला.

साहेबांनी तो आजारही कचेरीतल्या शिस्तीनं हातात घेतला. रोज सकाळी परीक्षानळीत निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर सांभाळा. पिवळं, नारिंगी, विटकरी असं चढत गेलं तर दवाखाना. आलेला रंग आलेखाच्या कागदावर रंगीत पेन्सिलीनं भरायचा. बैठकीच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या खाली तो आलेख. येणारे-जाणारे दोन्हींकडं बघून हात जोडत.

वहिनींची साखर गेली, गूळ गेला, भात गेला, आंबे गेले. उरला तो सकाळचा एक वाडगा: कॉर्नफ्लेक्स. वहिनी त्याला मक्याचे पोहे म्हणत. गल्लीतल्या दुकानात दोन प्रकार मिळायचे. एक निळ्या डब्यातला, मोठ्या कंपनीचा, महाग. दुसरा लाल डब्यातला, कानपूरकडच्या कुठल्याशा छोट्या कारखान्याचा, वर पोपटाचं चित्र. वहिनींचा जीव लाल डब्यावर. डॉक्टर म्हणाले, लाल डबा बंद. त्याच्यावर साखरेचा हात फिरवलेला असतो. निळा खा.

वहिनींनी निळा आणला. पहिला चमचा तोंडात घातला आणि वाडगा खाली ठेवला.

"पुठ्ठा आहे हा," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, कोणाकडं न बघता म्हणाल्या, "आता सकाळी उठायचं कशासाठी ते तरी सांगा."

मी तिथंच होतो. वहिनी कधी असं बोलत नसत. मी साहेबांकडं पाहिलं. आता हे काहीतरी धीराचं बोलतील. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "डॉक्टरांनी किती डबे तपासले?"

मी ही गोष्ट पुढं महिनाभर रेल्वेच्या क्लबात सांगून लोकांना हसवत होतो. बायकोच्या डोळ्यांत पाणी आणि नवरा विचारतो नमुना किती! मी साहेबांच्या चष्मा पुसण्याची नक्कलसुद्धा करायचो. चांगली जमायची.

साहेबांनी खटला उभा केला. आरोपी, लाल डबा. आरोप, निळ्यापेक्षा साखर जास्त असणं. त्या काळी डब्यावर आत काय आहे ते लिहिलेलं नसे, नुसता पोपट असे. म्हणून आठ लाल डबे, आठ निळे, आणि प्रत्येक वेगळ्या दुकानातून: अमीनाबाद, चौक, हजरतगंज, चारबाग, पार आलमबागपर्यंत. स्कूटर माझी. सोळा दुकानांतून सोळा डबे आणताना एका दुकानदारानं सहानुभूतीनं विचारलं, "घर में कोई बीमार है?" मी हो म्हणालो आणि मनात साहेबांचं नाव घेतलं.

मग लोणच्याच्या सोळा रिकाम्या बाटल्या धुऊन, वाळवून, त्यांच्यावर एक ते सोळा आकडे चिकटवले. कुठल्या बाटलीत कुठला डबा जायचा हे साहेबांनी ठरवायचं नाही, मीही नाही. नुसत्या आकड्यांनी भरलेलं त्यांचं एक पुस्तक होतं, ते उघडून आकडे सांगतील तसं भरायचं. साखर मोजायला तिवारीजी. ते ऊस आणि साखरेच्या एका प्रयोगशाळेत केमिस्ट, साहेबांचे जुने मित्र, बोलणं असं की रिपोर्ट देतानाही आधी तब्येत विचारणार. तिवारीजींना फक्त नंबर दिसणार, रंग कळणार नाही. कारण माणसाला एकदा रंग कळला की त्याचा हात नकळत त्या बाजूला झुकतो. साहेबांचा स्वतःवरही विश्वास नव्हता. "माझं मन लाल डब्याकडं आहे," ते म्हणाले, "म्हणून मला तर अजिबातच कळायला नको." म्हणून बाटल्या भरण्याचं काम माझं, माझ्या खोलीवर, दार लावून. कुठल्या नंबरात काय, ती यादी एका पाकिटात, लाखेनं बंद, माझ्याच ताब्यात.

मलाच का, असं मी विचारलं. मला वाटलं होतं, म्हणतील विश्वासू आहात.

"तुम्हांला यातलं काही समजत नाही," साहेब म्हणाले. "म्हणून तुम्ही निःपक्ष."

बाटल्या भरून डब्यांत जे उरलं ती माझी मजुरी. लाल डबे मी चार दिवसांत संपवले. खरंच छान लागायचे. निळ्यांना मात्र हात लावला नाही. वहिनींचं बरोबर होतं, पुठ्ठाच. आणि इकडं तिवारीजी पुतणीच्या लग्नाला गेलेले, ते दहा दिवस आलेच नाहीत. सोळा बाटल्या माझ्या खिडकीत ओळीनं उभ्या. रोज माझ्याकडं बघत होत्या.

जानेवारीतला रविवार होता. धुकं असं की समोरचं घर गेलेलं. मेस बंद. घरात दूध आणि तो निळा पुठ्ठा सोडून काही नाही. दूध तापवलं. आता लखनौच्या थंडीत नुसतं दूध पिणं किती उदास असतं, ते ज्यानं प्यायलं त्यालाच माहीत. मी विचार केला, एक बाटली खाऊ, धुकं निवळलं की चौकातून नवा लाल डबा आणून भरून ठेवू. कोणाला कळणार आहे? यादी माझ्याकडं, पाकीट माझ्याकडं. यादी नसती तरी सात नंबर लाल आहे हे मला तोंडपाठ होतं. खाल्ली. रिकामी बाटली धुऊनसुद्धा ठेवली.

आणि खाली रिक्षा थांबली. साहेब आणि वहिनी. तिवारीजी रात्रीच परत आले होते, साहेबांना थोडाही उशीर नको होता, आणि दवाखान्यात जायचंच होतं म्हणून वहिनींनाही रिक्षात घालून ते बाटल्या न्यायला आले होते. साहेब खाली रिक्षावाल्याशी बोलत होते तेवढ्या अर्ध्या मिनिटात मी वाडगा वर्तमानपत्राखाली ढकलला आणि घरात होतं त्यातून, म्हणजे निळ्या डब्यातून, सातवी बाटली भरली. दिसायला दोन्ही एकच. झाकण लावतो तोच वहिनी आत आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या. माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं, खोलीची दशा पाहून लग्नाचा विषय काढणार. पण तो विषय निघाला नाही.

दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला. साहेबांच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही बसलो: साहेब, वहिनी, मी. साहेबांच्या हातात कचेरीतून निकालात काढलेलं, दांडा फिरवून हिशेब करायचं यंत्र. मी पाकिटाची लाख फोडली, यादी वाचत गेलो आणि साहेब आकडे दोन रांगांत उतरवत गेले, लाल इकडं, निळे तिकडं.

सातच्या आकड्यावर त्यांचा हात थांबला.

"सात लालच नं?"

"लाल," मी म्हणालो.

त्यांनी आकडा पुन्हा पाहिला. मग चष्म्यावरून मला पाहिलं. "पाठक, पुन्हा एकदा बघून सांगा. सात."

यादी माझ्या हातात होती आणि तिच्यात लाल असंच लिहिलं होतं. खोटं मी बोलत नव्हतो, खोटं बाटलीत होतं. "लाल," मी म्हणालो.

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. परीक्षेच्या निकालाच्या फळ्यासमोर उभ्या असलेल्या मुलीसारख्या त्या त्या यंत्राकडं पाहत होत्या. साहेबांनी दांडा फिरवला. खडखड झाली. कागदावर काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. आणि म्हणाले, "लाल डब्यात साखर जास्त आहे असं म्हणायला पुरावा अपुरा आहे."

"म्हणजे काय?" वहिनींनी विचारलं.

मी सावरून बसलो. आता चष्मा निघणार, आता पाऊण तास.

चष्मा निघाला नाही. "म्हणजे," साहेब म्हणाले, "दोन्ही सारखेच आहेत. खा तू."

हा शब्द त्यांच्या तोंडून! ज्या शब्दासाठी मला दोनदा चहाविना घराबाहेर काढलं होतं, तोच. मला तो प्रसंग पुढं क्लबात सांगायला मिळायला हवा होता. पण सांगता येईना. कारण मला उमगलं होतं, की एक वाडगा मी खाल्ला म्हणून आरोपी सुटला होता आणि एक मधुमेही बाई दुसऱ्या दिवसापासून साखर खाणार होती.

त्यानंतर मी रोज सकाळी काही ना काही निमित्तानं त्यांच्याकडं जायला लागलो. पेपर मागायला, साखर मागायला (त्या घरात साखर मागणं हा माझा आणखी एक मूर्खपणा), घड्याळ लावून घ्यायला. खरं म्हणजे आलेख बघायला. नारिंगी दिसलं की सगळं कबूल करून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. पण रंग हिरव्याच्या वर चढेना. मधेमधे निळासुद्धा. वहिनी रोज लाल डब्यातून वाडगाभर खात होत्या आणि आलेख शहाण्यासारखा वागत होता. मला वाटलं, सुटलो. कदाचित पोपटवाल्यानं खरंच साखर घातली नसेल. मी स्वतःच माझा खटला चालवला आणि स्वतःला निर्दोष सोडलं.

मे महिन्यात माझी बदली झाली. निघण्याच्या आदल्या रविवारी सकाळी मी ठरवलं, जाण्याआधी सांगून मोकळं व्हायचं. एक नवा लाल डबा विकत घेतला, परतफेड म्हणून, आणि गेलो. बाहेरचं दार उघडंच होतं. वहिनी शेजारी मोहल्ल्यातल्या बायकांत गेल्या होत्या. स्वयंपाकघरातून कसलासा सळसळ आवाज येत होता.

साहेब जमिनीवर बसले होते. समोर वर्तमानपत्र पसरलेलं. एका बाजूला निळा डबा, दुसऱ्या बाजूला लाल. मापाच्या ग्लासानं ते निळ्यातले पोहे मोजून वर्तमानपत्रावर घालत होते, त्यात लालमधले मोजून मिसळत होते, हलक्या हातानं, मोडू नयेत असे, आणि ते सगळं परत लाल डब्यात भरत होते. डब्यावरचा पोपट त्यांनी ओल्या फडक्यानं पुसून ठेवला होता.

मला पाहून ते दचकले. मी त्यांना दचकताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"सुरुवातीला चारात एक भाग निळा होता," ते खाली बघत म्हणाले, कचेरीत अहवाल द्यावा तसे. "दर दीड महिन्यानं एकेक वाढवत नेला. आता चारात तीन. पावसाळ्यापर्यंत सगळा निळा होईल. तिला कळलेलं नाही. चार महिन्यांचा पुरावा आहे माझ्याकडं."

मी डबा खाली ठेवला आणि सांगून टाकलं. सात नंबर, दूध, धुकं, सगळं.

"हं," साहेब म्हणाले. "आकडा बोलत होता. सात लालच्या रांगेत उभा होता, पण अंगावर कपडे निळ्याचे. म्हणून तर दोनदा विचारलं."

"मग तो काढून का नाही टाकला? काढला असता तर?"

"तर लाल दोषी ठरला असता. स्पष्ट." त्यांनी ग्लास वर्तमानपत्रावर टेकवून सारखा केला. "मी आकडा बदलला नाही, पाठक. आयुष्यात नाही बदलला. तुम्ही दिलात तसाच घेतला. दोनदा विचारून घेतला."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"तिच्यासमोर दांडा फिरवायचा होता," ते म्हणाले. "ती त्या यंत्राकडं बघत होती." मग घाईनं उरलेले पोहे भरत म्हणाले, "तिला सांगू नका. तिला वाटतं, हा लालच आहे."

ज्या माणसानं बढतीसाठी एक शब्द वाकवला नव्हता, तो एका वाडग्यासाठी दर रविवारी वर्तमानपत्र पसरून बसत होता. मला त्यांची नक्कल आठवली, चष्मा पुसण्याची. त्यानंतर ती पुन्हा कधी जमली नाही मला. करून पाहिली नाही म्हणा.

निघायच्या दिवशी वहिनी खाली स्कूटरपर्यंत आल्या. हातात डबा: चार पोळ्या, झणझणीत पाटोडीची भाजी, आणि वरून सूचना, की गाडी सुटायच्या आत खाऊ नका. मी पाया पडलो. मग राहवेना म्हणून सहज विचारल्यासारखं विचारलं, "वहिनी, मक्याचे पोहे चालू आहेत नं? लाल डबा?"

वहिनींनी वर खिडकीकडं एकदा पाहून घेतलं. "लाल कुठला बाप्पा. पुठ्ठा खाऊन राहिली मी चार महिन्यांपासून. पहिल्याच चमच्याला समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? इतक्या वर्षांच्या संसारात ते माझ्या स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा आले नव्हते. आता रविवारी येतात. दार लोटून घेतात. वर्तमानपत्र पसरतात. मी शेजारी जाऊन बसते तेवढा वेळ, त्यांचं होऊ देते." त्यांनी पदर सावरला. "गोड लागतं थोडं."

मला भरून आलं. असं भरून आलं की माझ्यासारखा माणूस हटकून काहीतरी कबूल करतो. मी म्हणालो, "वहिनी, या सगळ्याचं मूळ मीच. ती सात नंबरची बाटली आहे नं, ती त्या दिवशी—"

"माहीत आहे जी," वहिनी म्हणाल्या. "मी आले तेव्हा तुमच्या मिशीत मक्याचा पोहा अडकला होता, चांगला अख्खा. ह्यांना आकड्यावरून समजलं असेल, मला तोंडावरून समजलं. आता नव्या गावी जाऊन राहिले, तर एक ध्यानात ठेवा भाऊ. चोरून खायचं असेल तर मिशी ठेवू नका, आणि मिशी ठेवायची असेल तर घरात एक आरसा ठेवा."